बंद पडलेल्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलांचा संग्रह: नागपुरात बसून सुरुवात कशी करायची

आजीचं घर नागपूरच्या महाल भागात. ओसरीवर सिंगरचं पायडलवालं शिलाई मशीन, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. दहावीनंतर मला सीताबर्डीच्या टायपिंग क्लासात घातलं, तिथे रेमिंग्टनचं मशीन, करंगळी दुखून यायची. आणि रेल्वेचा विषय तर नागपूरच्या पोराला शिकवावा लागत नाही, डायमंड क्रॉसिंग आपलंच. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं की सिंगर, रेमिंग्टन रँड आणि रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल, या तिन्ही कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात एकच वस्तू बनवली होती, अमेरिकी सैन्याचं .४५ बोअरचं (म्हणजे नळीचं आतलं माप) १९११ए१ पिस्तूल. मी त्या रात्री झोपलो नाही. शिलाई मशीनवाल्यांनी पिस्तूल बनवलं म्हणजे कसं बनवलं, किती बनवले, आणि मग थांबले का?

हा "थांबले का" प्रश्नच या छंदाचा जीव आहे. चालू पिस्तूल कोणत्याही कॅटलॉगमध्ये दिसते, बंद पडलेल्याच्या मागे मात्र कारण असते, कुठे कंपनी बुडाली, कुठे काडतूसच मिळेना, कुठे सैन्याने पाठ फिरवली. त्या कारणाचे पुरावे जमवणं म्हणजे माझ्या मते खरा संग्रह. नवीन पोरं मला विचारून राहिली की दादा सुरुवात कुठून करू, म्हणून हे सविस्तर लिहून काढतोय, लांबलं तर समजून घ्या.

पायरी १: आधी कायदा, मग बाकी सगळं

इथे घाई करायची नाही. अमेरिकेतला माणूस कपाटभर पिस्तुलं ठेवतो, त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याला वाटतं आपणही करू. आपल्याकडे ते होत नाही आणि करायचंही नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला लायसन्सवर जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीनची होती. वडिलोपार्जित मिळाली तरी दोनचीच मर्यादा. लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. नागपूर शहरात लायसन्सचं काम पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे.

मग बोअरचा प्रश्न. काही बोअर प्रोहिबिटेड आहेत, म्हणजे सामान्य लायसन्सवर मिळतच नाहीत. ९ एमएम सर्व्हिस, म्हणजे सैन्याचं, काडतूस ज्यात बसेल ते पिस्तूल, .३८० आणि .४५५ चे रिमवाले (बुडाला कडा असलेले) काडतूस ज्यात बसेल ते, असे त्या यादीत आहे. विनापरवाना प्रोहिबिटेड हत्यार सापडलं तर शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत. म्हणून एखादं जुनं मोठ्या बोअरचं पिस्तूल कायद्याच्या कोणत्या खणात बसतं हे मित्राच्या तोंडून ऐकून ठरवायचं नाही, लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्यायचं. तोंडी उत्तराला काही किंमत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "अरे जुनं आहे न, अँटिक आहे, त्याला लायसन्स कशाला." चूक. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या हत्यारासाठी आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. "दुरुस्त करूनही" हे शब्द नीट वाचा. गंज चढलेलं पण आतून धड असलेलं पिस्तूल या सवलतीत येत नाही. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू कायद्यात येते, १९७२ चा कायदा, ती देशाबाहेर नेता येत नाही, पण म्हणून तिला शस्त्र लायसन्समधून आपोआप सुटका मिळत नाही. दोन कायदे वेगळे, दोन्ही लागतात.

आणि सुटे भाग. बंदुकीचे भाग हे कायद्याच्या व्याख्येत बंदुकीतच धरले आहेत, काडतुसाचे भाग काडतुसात. छोट्या किरकोळ भागांना काही सूट आहे खरी, पण नवीन माणसाने त्या सवलतीच्या भरवशावर परदेशातून नळी, स्लाइड, मॅगझिन काहीही मागवू नये, पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याची, किचेनसुद्धा नाही. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांना गुन्हा अंगावर घ्यावा लागला आहे. सोनेगावला फ्लाइट पकडायची आणि बॅगेत शोभेची पुंगळी, हा प्रसंग कोणावरही येऊ नये.

मग संग्रह कशाचा करायचा? कागदाचा. मॅन्युअल, कॅटलॉग, जाहिराती, पेटंट, जुनी मासिकं, फोटो, कंपनीची पत्रं. यात बंधन नाही, धोका नाही, आणि खरं सांगतो, धातूपेक्षा कागद जास्त बोलतो.

पायरी २: शब्द पक्के करा

फार नाही, आठ-दहा शब्द. बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या आतलं माप, .४५ म्हणजे इंचाचे शंभरातले ४५ भाग, साधारण साडेअकरा मिलिमीटर. सेमी-ऑटो म्हणजे चाप एकदा दाबला की एकच गोळी, पण पुढचं काडतूस यंत्र स्वतः भरतं. काडतुसं असतात ती पेटी मॅगझिन, वर मागे-पुढे सरकतो तो स्लाइड. गोळी सुटल्यावर मागे बसणाऱ्या धक्क्यावर यंत्र चालतं तेव्हा रिकॉइल ऑपरेटेड, नळीतला थोडा गॅस घेऊन चालतं तेव्हा गॅस ऑपरेटेड. रिव्हॉल्व्हर वेगळा, त्याच्यात फिरणारं चक्र, त्याला पिस्तूल म्हणून कॅटलॉगमध्ये घालू नका, जाणकार माणूस तिथेच ओळखतो की हा नवीन आहे.

"मोठ्या बोअरचं" याची काटेकोर व्याख्या नाही. मी १० एमएम आणि त्याच्या वरचे धरतो. तुम्ही दुसरी रेघ ओढली तरी चालेल, पण एकदा ओढली की पाळा, नाहीतर संग्रह रद्दीच्या दुकानासारखा पसरतो, माझा पहिल्या दोन वर्षांत तसाच पसरला होता.

पायरी ३: एकच पिस्तूल निवडा

नवीन माणूस सगळंच जमवायला जातो. नका करू. एक निवडा आणि वर्षभर त्याच्याच मागे राहा. निवडताना पाहायचं की ते बंद का पडलं, आणि त्या कारणाचा कागद मिळण्याजोगा आहे का. काही उमेदवार सांगतो.

सर्वात सोपी सुरुवात १९११ च्या युद्धकाळातल्या कंपन्यांपासून. मूळ डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ ला स्वीकारलं आणि १९८५ मध्ये ९ एमएमचं बेरेटा येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. १९११ हा प्रकार आजही बनतो, पण युद्धात ज्यांनी बनवले त्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी युद्ध संपताच हात धुतले, म्हणजे त्यांचे ते "बंद" झाले. सिंगरने फक्त ५०० बनवले. पाचशे! सैन्याला पाहायचं होतं की बंदुका कधी न बनवलेला कारखाना हे काम शिकू शकतो का, म्हणून शिकाऊ ऑर्डर दिली, त्याचे नंबर एस८००००१ पासून एस८००५०० पर्यंत. काम उत्तम झालं, आणि झालं म्हणूनच सिंगरला पुढे पिस्तुलं न देता तोफांना नेम धरून देणाऱ्या जास्त नाजूक यंत्रांचं काम दिलं गेलं. म्हणजे हे पिस्तूल अपयशाने बंद पडलेलं नाही, कारागिरी चांगली म्हणून बंद पडलं. असं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. उलट रेमिंग्टन रँडने न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये साडेआठ लाखांपेक्षा जास्त बनवले, युद्धात कोणाहीपेक्षा जास्त. युनियन स्विचने १९४३ मध्ये सुमारे ५५ हजार. एकच नकाशा, एकच सुटे भाग, एकाचा भाग दुसऱ्यात बसला पाहिजे ही अट, आणि तरी स्लाइडवरच्या नावामुळे आज किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरा उमेदवार ऑटो मॅग. हॅरी सॅनफर्ड, कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, १९७१ मध्ये माल बाहेर पडला आणि १९७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. स्टेनलेस स्टीलचं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा, रायफलसारखा फिरणारा बोल्ट, .४४ ऑटो मॅग नावाचं स्वतःचं काडतूस. घोळ कुठे झाला? एक तर बनवायला जेवढा खर्च यायचा त्यापेक्षा कमीला विकलं, आणि दुसरं, सुरुवातीला कारखान्यात भरलेलं काडतूस बाजारात नव्हतंच, लोक .३०८ रायफलच्या पुंगळ्या कापून काम भागवायचे. पिस्तूल घ्या आणि काडतूस स्वतः पाहा, असा धंदा किती दिवस चालणार. पुढे हक्क या कंपनीतून त्या कंपनीत फिरत राहिले, नावं बदलत राहिली, आणि म्हणूनच कागद जमवणाऱ्यासाठी ऑटो मॅग म्हणजे खजिना, प्रत्येक नव्या मालकाचं वेगळं माहितीपत्रक.

तिसरा, माझा सर्वात आवडता, ब्रेन टेन. डॉर्नॉस अँड डिक्सन कंपनी, चेक सीझेड-७५ पिस्तुलावरून घेतलेली बांधणी, १० एमएमचं नवं काडतूस, ते स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने बनवलं. १९८३ ते १९८६, पिस्तुलं सुमारे १५००. बुडालं कशाने तर मॅगझिनने. कंपनीला मॅगझिन वेळेवर मिळेना, ग्राहकांना पिस्तूल घरी पोचलं पण मॅगझिनशिवाय, आगाऊ पैसे भरून बसलेले लोक वाट पाहून राहिले. पत्र्याच्या एका डब्बीसाठी कंपनी गेली. मला ही गोष्ट वाचून वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, कारण डिझाइनमध्ये दम होता. आणि काडतूस मात्र जगलं: कोल्टने १९८७ मध्ये त्याच १० एमएममध्ये डेल्टा एलीट आणलं. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत गोळीबारात दोन एफबीआय एजंट मेले, त्यानंतर एफबीआयने जास्त ताकदीचं काडतूस शोधताना १० एमएमकडे मोर्चा वळवला आणि स्मिथ अँड वेसनचं १०७६ पिस्तूल घेतलं. पण मोठी चौकट, जड मूठ, सगळ्यांना झेपेना, मग काडतुसातला दारूचा भार कमी केला, आणि तो कमी केल्यावर लक्षात आलं की एवढ्याला एवढी लांब पुंगळी लागतच नाही. १९९० मध्ये तीच पुंगळी आखूड करून .४० चं काडतूस आलं, ९ एमएमच्या चौकटीत बसणारं, आणि १० एमएमची ती मोठी स्मिथ अँड वेसन पिस्तुलं काही वर्षांत बंद. एका काडतुसाच्या मागे गेलो तर एवढी माणसं भेटतात.

चौथे दोन भाऊ म्हणा, ग्रिझली आणि वाइल्डी. दोन्ही .४५ विंचेस्टर मॅग्नमवाले. ग्रिझली युटा राज्यातल्या एलएआर कंपनीचं, १९११ ची बांधणी घेऊन मोठी केलेली, १९८३ ते १९९९. वाइल्डी गॅस ऑपरेटेड, नळीभोवती एक रिंग, ती फिरवून गॅस कमी-जास्त करायचा. ग्रिझलीने काडतूस रिकॉइलवर चालवलं आणि वाइल्डीने तेच काडतूस गॅसवर, दोघांची मॅन्युअल शेजारी ठेवून वाचा, एकच प्रश्न दोन इंजिनियरनी कसा सोडवला ते समोरासमोर दिसतं.

डेझर्ट ईगलबद्दल खूप जण विचारतात. ते चालू आहे, बंद नाही, पण त्याचे जुने मार्क १ आणि मार्क ७ बंद आहेत. .५० चं डेझर्ट ईगल १९९१ मध्ये आलं, त्याआधीच्या .३५७ आणि .४४ च्या काळातली माहितीपत्रकं वेगळी दिसतात. इस्रायलमध्ये बनलेलं आणि अमेरिकेत बनलेलं, हा फरकही कागदावर ओळखता येतो, पत्ता वाचा.

आणि ज्यांना फारच जुनं हवं त्यांच्यासाठी मार्स, ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स नावाच्या इंग्रजाचं, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. सुमारे ८० बनले. ब्रिटिश सैन्याने नाकारलं, तो माणूस कर्जात बुडाला. याचा मूळ कागद तुम्हाला मिळणार नाही, पेटंटवर समाधान मानावं लागेल, पण पेटंट पाहण्यासारखं आहे.

पायरी ४: पेटंटपासून सुरुवात करा, फुकट आहे

पैसे खर्च करायच्या आधी हे करा. जुनी अमेरिकी पेटंटं ऑनलाइन कोणालाही फुकट वाचता येतात. ब्राउनिंगचं पेटंट क्रमांक ९८४५१९, तारीख १४ फेब्रुवारी १९११. ते प्रिंट काढा, चित्रं मोठी करून. जुन्या १९११ च्या स्लाइडवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात, २० एप्रिल १८९७, ९ सप्टेंबर १९०२, १९ डिसेंबर १९०५, १४ फेब्रुवारी १९११, १९ ऑगस्ट १९१३. म्हणजे त्या धातूवरच संदर्भसूची कोरलेली आहे! फोटोतल्या पिस्तुलावर शेवटची तारीख कोणती हे पाहून ते कधीच्या आधीचं किंवा नंतरचं हे बरंच कळतं, १९१३ ची तारीख कोरलेली असेल तर ते त्याच्या नंतरचंच. मी हे पाच पेटंट स्पायरल बाइंडिंग करून ठेवले आणि प्रत्येकात कुठला भाग नवीन आला त्याच्यावर लाल पेनने खूण केली, त्यात एक उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात जेवढं शिकलो तेवढं पुढे विकत घेतलेल्या कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

पायरी ५: कागद कुठे मिळतो

नागपुरात अपेक्षेपेक्षा जास्त मिळतो. सीताबर्डीच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं, इतवारीकडची रद्दीची गोदामं, आणि कामठी. कामठी १८२१ पासूनची छावणी, तिथून रिटायर्ड अधिकाऱ्यांची घरं रिकामी होतात तेव्हा जुनी परदेशी मासिकं किलोने रद्दीत येतात. रद्दीवाल्या भाऊला आधीच सांगून ठेवा की "बंदुकीचं चित्र असलेलं काहीही आलं तर बाजूला ठेव", आणि किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या, पुढच्या वेळी फोन तोच करतो. मासिकातल्या लेखापेक्षा मागच्या पानांवरच्या जाहिराती जास्त कामाच्या. किंमत, पत्ता, "लवकरच उपलब्ध" असे शब्द. ब्रेन टेनची जाहिरात आणि त्याच्या मॅगझिनची जाहिरात यांच्या तारखांमध्ये किती महिने आहेत हे मोजलं की कंपनीची तब्येत कळते.

परदेशातून मागवायचं असेल तर विक्रेत्याला आधीच लिहा की पाकिटावर नेमकं "छापील माहितीपुस्तिका" असं लिही आणि आत दुसरं काहीही घालू नको. हे का सांगतो, कारण काही विक्रेते खूश होऊन पाकिटात जुनी पुंगळी किंवा एखादा स्क्रू "भेट" म्हणून टाकतात. तिथे ती भेट असेल, इथे कस्टममध्ये ते उत्तर देण्याचं काम तुमचं. स्पष्ट लिहून घ्या, मेल जपून ठेवा.

पायरी ६: रिप्रिंट ओळखा

मी फसलो होतो म्हणून हे सांगतो. ऑटो मॅगची "ओरिजिनल" पुस्तिका म्हणून चांगले पैसे मोजले, नाव घेत नाही त्या विक्रेत्याचं, महिनाभर फ्रेममध्ये लावून ठेवली. मग एका दिवशी भिंगाने पाहिलं आणि मन खट्टू झालं.

काय पाहायचं: दहापट मोठं दिसणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडे मिळते. जुन्या ऑफसेट छपाईत फोटो हा नीट ओळीत लावलेल्या ठिपक्यांचा असतो. ती पुस्तिका स्कॅन करून पुन्हा छापली की ठिपक्यांवर ठिपके बसतात आणि फोटोत लाटा किंवा चौकड्या दिसतात. इंकजेटवर छापलं असेल तर ठिपके विखुरलेले, शिंतोड्यासारखे. अक्षरांच्या कडा पाहा, मूळ छपाईत धारदार, स्कॅनमध्ये केसाळ. मग पिना. चाळीस-पन्नास वर्षांच्या पुस्तिकेच्या पिनेभोवती कागदाला थोडातरी तांबूस डाग पाहिजे, कोरी चकचकीत पिन असली तर विचारा. कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवणारेही आहेत, पण चहाचा रंग मध्यभागी सारखाच असतो, खरं वय कडांकडून आत येतं.

रिप्रिंट वाईट नाही, वाचायला चालते, मी आजही त्याच पुस्तिकेतून वाचतो. मूळ म्हणून मूळचे पैसे देणं वाईट.

पायरी ७: नागपूरच्या हवेत कागद जपणे

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण याच्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि त्याच महिन्यात घरात कुलर. हा कुलर शत्रू. वाळ्याच्या ताटीचा गारवा माणसाला बरा वाटतो पण दिवसभर ओली हवा खोलीत फेकून राहिला असतो, रात्री बंद केला की खोली तापते आणि कागद सुकतो, पुन्हा सकाळी ओला. असं दोन महिने. मी माझी पहिली फाइल कुलरच्या समोरच्या कपाटात ठेवली होती, जुलैमध्ये उघडली तर चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटलेली, ओढली तर फोटोचा वरचा थर निघून आला. १९८० च्या दशकातलं ग्रिझलीचं माहितीपत्रक होतं ते. तेवढं चांगलं दुसरं अजून मिळालेलं नाही.

तर कपाट कुलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वर. लोखंडी कपाट उधईसाठी बरं. लाकडी असेल तर पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये नको, ओल वाढते, त्यापेक्षा दर महिन्याला मागे टॉर्च मारून पाहा. कसर लागते ती पिठाळ गोंदाला, म्हणून खळ लावलेली जुनी बाइंडिंग वेगळी ठेवा. स्वस्त प्लास्टिकची पाकिटं, ज्यांना नवीन रेनकोटसारखा वास येतो, ती अजिबात नको, ती पीव्हीसीची, काही वर्षांत शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. प्रत्येक डब्यात सिलिका जेल, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गरम करून पुन्हा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका. सेलोटेप कधीच नाही, फाटलं तर फाटलेलं राहू द्या. लॅमिनेशन तर अजिबातच नाही, ते परत निघत नाही.

पायरी ८: घरात वारशाने पिस्तूल आलं असेल तर

काही घरांमध्ये येतं. आजोबा सैन्यात होते, लायसन्सवर जुनं पिस्तूल होतं, आजोबा गेले. इथे पहिलं काम भावनेचं नाही, कागदाचं. लायसन्सधारक गेल्यावर ते हत्यार घरच्यांनी कपाटात ठेवून द्यायचं नसतं, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाने लायसन्सचा अर्ज करायचा. "नंतर बघू" म्हणून राहिलेलं हत्यार दिवसागणिक बेकायदेशीर होत जातं.

हात लावायची वेळ आलीच तर ते भरलेलंच आहे असं समजूनच. सेमी-ऑटोमध्ये फसगत अशी की मॅगझिन काढलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहू शकतं, आणि लोकांना वाटतं मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं. ज्याला येतं त्याच्याकडूनच, म्हणजे परवानाधारक विक्रेत्याकडून, तपासून घ्या. घरी प्रयोग नाही.

आणि कृपा करून चकाचक करू नका. धरमपेठेत एका ओळखीच्या काकांनी वडिलांच्या आठवणीचं पिस्तूल हौसेने पॉलिश पेपरने घासलं, मूळचा निळा थर गेला, कोरलेली अक्षरं पुसट झाली. काकांना वाटलं सेवा केली. मूळ पृष्ठभाग, मूळ खुणा, मूळ डाग, हीच त्याची ओळख, ती गेली की परत येत नाही. हलकं तेल, मऊ कापड, बस. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि धातूला खातं. नंबर खोडणं, बदलणं तर थेट गुन्हा.

पायरी ९: डोळ्याला सवय लावा

सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचं, तिथे शस्त्रांचं दालन आहे. ऑटो मॅग नाही दिसणार, पण जुनं लोखंड काचेमागे कसं वयात येतं, मूठ कशी झिजते, लेबलावर काय लिहितात आणि काय राहून जातं, हे पाहायला दोन तास द्या. वही न्या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, लोकांसाठी वर्षातून मोजक्या दिवशी उघडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे ते दिवस, रांग असते, सकाळीच जा, पाणी सोबत.

घरी दाखवायला काही हवं असेल तर खोटं पिस्तूल आणू नका. रस्त्यावर, गाडीच्या डिक्कीत, गच्चीवर कोणाला खरं वाटलं तर प्रसंग वाईट होतो. मी काय केलं सांगतो. पेटंटमधलं, मधोमध कापून आतलं दाखवणारं चित्र खऱ्या मापाला मोठं केलं आणि सागवानाच्या सपाट फळीवर थराथराने चिकटवून भिंतीवर लावलं, आतली स्प्रिंग, नळीचा दुवा, चाप सगळं दिसतं, पण कोणत्याही कोनातून ते हत्यार वाटत नाही. घरी येणारे आधी तिथेच थांबतात.

पायरी १०: वही

प्रत्येक कागदाला एक नंबर, कधी मिळाला, कुठून, कितीला, मूळ की रिप्रिंट, आणि एका ओळीत, हा कागद "बंद का पडलं" याबद्दल काय सांगतो. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो कागद कितीही सुंदर असो, तुमच्या संग्रहात त्याची जागा अजून ठरलेली नाही. माझ्या वहीत २११ नंबरला सिंगरच्या शिलाई मशीनचं मॅन्युअल आहे, आजीच्या मशीनच्या खणात सापडलेलं, तेलाचे डाग असलेलं. पिस्तुलाचा त्यात एक शब्दही नाही. पण त्यातली स्क्रूची, स्प्रिंगची, सुईच्या दांड्याची चित्रं पाहिली की ते ५०० पिस्तुलं कोणत्या हातांनी बनवली ते समजतं, म्हणून शेवटचा रकाना मी भरला आहे.